नावापुढे 'डिप्लोमेट' लिहिलंय? ते असं वाचा

'डिप्लोमेट' वाचलं की अनेकांना वाटतं, एखादा डिप्लोमा केला असेल. ही गल्लत फार महागात पडू शकते, कारण अर्थ जवळजवळ उलटा आहे. अमेरिकेतल्या डॉक्टरांच्या बाबतीत डिप्लोमेट म्हणजे एमडी झाल्यावर थांबलेला नव्हे, तर पुढे आपल्या विषयाच्या बोर्डाची, म्हणजे तज्ज्ञांना प्रमाणपत्र देणाऱ्या संस्थेची, परीक्षा पास झालेला तज्ज्ञ. परराष्ट्र खात्यातला 'डिप्लोमॅट' वेगळा. मूळ ग्रीक शब्द मात्र एकच, अर्थ दुमडलेला कागद.

समजा, अमेरिकेतल्या एका सर्जनच्या पाटीवर लिहिलंय: 'एमडी, एफएसीएस, डिप्लोमेट, अमेरिकन बोर्ड ऑफ सर्जरी'. एमडी ही तिथली मूळ वैद्यकीय पदवी. एफएसीएस म्हणजे अमेरिकन कॉलेज ऑफ सर्जन्स या संघटनेची फेलोशिप. डिप्लोमेटमागे मात्र किमान ५ वर्षांची रेसिडेन्सी (रुग्णालयात राबून घेतलेलं प्रशिक्षण), मग लेखी परीक्षा आणि शेवटी परीक्षकांसमोर तोंडी परीक्षा असते.

म्हणून पहिलं काम: बोर्डाचं नाव शोधा. नुसतं 'डिप्लोमेट' लिहिलं असेल तर बेधडक विचारा, 'कुठल्या बोर्डाचे?' शब्दाची किंमत त्या बोर्डाइतकीच. अमेरिकन बोर्ड ऑफ मेडिकल स्पेशालिटीज ही १९३३ सालची शिखर संस्था. तिच्यात २४ बोर्डं आहेत. भारदस्त नावाचं प्रत्येक बोर्ड त्यांत असतंच असं नाही.

मग विषय जुळतो का ते बघा. त्वचारोगाचं बोर्ड केलेला डॉक्टर कितीही हुशार असला तरी हृदयाच्या तक्रारीसाठी तो तुमचा माणूस नव्हे.

त्यानंतर प्रमाणपत्र चालू आहे का ते तपासा. पूर्वी ते आयुष्यभरासाठी मिळायचं; आता टिकवण्यासाठी अभ्यास आणि मूल्यमापन चालू ठेवावं लागतं. याच शिखर संस्थेच्या 'सर्टिफिकेशन मॅटर्स' या संकेतस्थळावर डॉक्टरांचं नाव टाकून हे फुकट पाहता येतं. 'बोर्ड एलिजिबल' असं दिसलं, तर प्रशिक्षण झालंय पण परीक्षा पास व्हायची आहे, असं समजा.

लायसन्स वेगळं. ते राज्याचं मेडिकल बोर्ड देतं आणि त्याशिवाय प्रॅक्टिस करताच येत नाही. डिप्लोमेट होणं ऐच्छिक असतं. डॉक्टरांवर काही कारवाई झाली आहे का, हे पाहायचं तर राज्याच्या बोर्डाकडेच जा.

आणि हो, आपल्याकडच्या डीएनबी या तज्ज्ञ डॉक्टरांच्या पदवीतला 'डी'सुद्धा डिप्लोमाचा नाही, डिप्लोमेटचाच: डिप्लोमेट ऑफ नॅशनल बोर्ड.