फॉरमॅट मारण्याआधी पेनड्राइव्हवरून लॅपटॉप चालू करून बघा

विंडोज उघडेनासं झालं की सांगली असो की मिरज, पहिला सल्ला ठरलेला: फॉरमॅट मारा. जरा थांबा. डिस्क शाबूत असेल तर आतले फोटो, हिशेब, पोरांचे प्रोजेक्ट आधी बाहेर काढता येतात.

दुसऱ्या कॉम्प्युटरवर लिनक्स मिंट या विंडोजसारख्याच, पण पेनड्राइव्हवरून चालणाऱ्या सिस्टिमची आयएसओ फाइल (अख्खी सिस्टिम एकाच फाइलमध्ये) डाउनलोड करा आणि लॅपटॉप सुरू करता येईल असा पेनड्राइव्ह बनवणारं रूफस हे सॉफ्टवेअर वापरून ती ८ जीबीच्या पेनड्राइव्हवर चढवा. फाइल नुसती कॉपी करून भागत नाही. पेनड्राइव्हवरचं जुनं सगळं पुसलं जातं, तेव्हा रिकामाच घ्या.

तो लावून लॅपटॉप सुरू करताच डेल किंवा लेनोवोवर एफ१२, एचपीवर एफ९, आसुसवर एस्केप टकटक दाबत राहा. लॅपटॉप कशावरून सुरू करायचा ते विचारणारा बूट मेनू येईल, त्यात पेनड्राइव्ह निवडा. बहुतेकांचं गाडं इथंच अडतं. मेनू आला नाही तर एफएन दाबून तीच की दाबून बघा. एसरवर आधी एफ२ने बायोसमध्ये (लॅपटॉपच्या मूळ सेटिंगमध्ये) जाऊन एफ१२ बूट मेनू चालू करावा लागतो.

मिंटचा डेस्कटॉप आला की 'इन्स्टॉल'च्या चिन्हाला अजिबात हात लावू नका. नाहीतर जे वाचवायला बसलोय तेच जायचं. फाइल मॅनेजरमध्ये डावीकडे विंडोजची डिस्क दिसेल. 'यूजर्स' फोल्डरमध्ये आपल्या नावाचं फोल्डर उघडा आणि हवं ते दुसऱ्या हार्ड डिस्कवर घ्या. बिटलॉकर (डिस्कला कुलूप घालणारी विंडोजची सोय) चालू असेल तर ४८ आकडी रिकव्हरी की लागते. ती बहुधा मायक्रोसॉफ्ट खात्यात मिळते. डेटा हातात आला की मग खुशाल दुकानात द्या.