आधी तिथी, मग टी टाइम

गोल्फ आणि किल्ले एकाच सुट्टीत बसवायचे असतील तर सुरुवात कोर्सच्या बुकिंगपासून करू नका, पंचांगापासून करा. हे मला उशिरा कळलं. मी पनवेलचा, गेली काही वर्षं खारघरला नियमित खेळतो. सौ. खेळत नाही. तिचं माहेर रेवदंड्याचं आणि तिला ओढ जुन्या दगडांची. पहिल्यांदा दोन्ही जुळवायला निघालो तेव्हा मी सकाळी सावकाश खेळलो, वर निवांत नाश्ता केला. अलिबागच्या किनाऱ्यावर पोचलो तर ओहोटीलाच चालत गाठता येणाऱ्या कुलाबा किल्ल्याभोवती पाणी भरलेलं. ती तासभर वाळूत उभी राहून किल्ल्याकडे नुसती बघत होती. ते मला फार लागलं.

परतीच्या वाटेवर तिने तिच्या आजोबांचा हिशोब सांगितला. मी आधी विचारलाच नव्हता. तिथीची पाऊणपट करायची, भरतीची वेळ मिळते. चतुर्थीला चार गुणिले पाऊण, म्हणजे तीनला भरती. अष्टमीला सहाला. पौर्णिमेनंतर पुन्हा प्रतिपदेपासून मोजायचं. भरतीनंतर साधारण सव्वासहा तासांनी ओहोटी, आणि रोज ही वेळ पाऊण तासाहून थोडी जास्त पुढे सरकते. हा अंदाज झाला; निघण्याआधी छापील वेळापत्रकाशी ताडून घ्यायचाच.

आता दिवस निवडा. सकाळी खेळायचं आणि दुपारी किल्ल्यात चालत जायचं, तर ओहोटी तीन-चारच्या सुमाराला हवी. म्हणजे द्वादशी किंवा त्रयोदशी. द्वादशीला भरती नऊला, ओहोटी सव्वातीनला. शिवाय या तिथी उधाणाच्या, म्हणजे पौर्णिमा-अमावस्येच्या मोठ्या भरतीच्या जवळच्या, त्यामुळे पाणी चांगलं आत हटतं. अष्टमीच्या आसपास भांगाची, म्हणजे सगळ्यात कमी चढ-उताराची भरती असते, तेव्हा ओहोटीलाही वाट नीट उघडी पडत नाही. महिने नोव्हेंबर ते फेब्रुवारी.

तिथी ठरली की मग खारघरच्या टी टाइमसाठी, म्हणजे खेळ सुरू करायच्या राखीव वेळेसाठी फोन. हा कोर्स सिडकोचा आहे, खेळायला सभासद असावं लागत नाही. उजाडताच पहिली वेळ घ्या आणि नऊ होलवर थांबा. थांबणं जड जातं, मला माहीत आहे. पण अठराचा हट्ट धरलात की दुपार गेली. थंडीत हिरवळीवर दंव असतं, भोकाकडे चेंडू ढकलायचे पहिले दोन-तीन फटके (पट्स) नेहमीपेक्षा जोरात मारावे लागतात. साडेनऊला गाडीत बसा. कर्नाळ्याचा सुळका डाव्या हाताला ठेवून पेण, वडखळमार्गे अलिबाग. अंतर ८० किलोमीटरच्या आसपास, पण वडखळला अडकायला होतं, म्हणून तीन तास धरा.

जेवून दोनला किनाऱ्यावर या. गोल्फचे बूट गाडीतच राहू देत, ओल्या शेवाळलेल्या दगडावर ते घसरतात. मागे पट्टा असलेल्या साध्या रबरी चपला बऱ्या. घोडागाडीवाल्यांना परतीची वेळ विचारा आणि ते सांगतील त्याच्या अर्धा तास आधी निघा.

किल्ल्यात घाई करू नका. बांधकाम शिवाजी महाराजांनी १६८० मध्ये सुरू केलं, संभाजी महाराजांच्या काळात पुरं झालं, पुढे हा आंग्र्यांचा मुख्य तळ झाला. तटाजवळ जाऊन दोन चिऱ्यांमधल्या फटीत बोट घालून बघा. चुना नाही. दगडावर दगड नुसता रचलाय, म्हणजे लाटेचं पाणी फटींत शिरतं आणि तिचा जोर मोडतो. मी दर वेळी तिथे हात ठेवून उभा राहतो. आत गणेश पंचायतन आहे, समुद्राच्या मधोमध गोडं पाणी आहे, आणि चाकांच्या गाड्यावर दोन इंग्रजी तोफा आहेत, यॉर्कशायरच्या लो मूर कारखान्याचं नाव कोरलेल्या. उजेड उरला तर गावातल्या कान्होजी आंग्र्यांच्या समाधीला जाऊन या.

संध्याकाळी गोल्फच्या काठ्या खोलीत आणा, डिकीत ठेवू नका. गोड्या पाण्याच्या ओल्या फडक्याने पुसून मग कोरड्या करा. खाऱ्या हवेत वेजवर, म्हणजे चेंडू उंच उडवायच्या काठीवर, गंज धरायला फार दिवस लागत नाहीत.

दुसरा दिवस गोल्फचा नाही, हे आधीच मान्य करून टाका. सकाळी चौलचं रामेश्वर मंदिर. तिथून रेवदंडा, रस्ता किल्ल्यातूनच जातो, पोर्तुगीजांच्या चर्चचा उंच मनोरा माडांच्या वर दिसतो. मग कुंडलिकेवरचा पूल ओलांडून कोर्लई. किल्ल्यावरून एका बाजूला खाडी, दुसऱ्या बाजूला समुद्र, पण मला खरं वेड लावलं ते खालच्या गावाने. पोर्तुगीज १७४० मध्ये इथून गेले. तरी गावातली ख्रिस्ती कुटुंबं घरात आजही पोर्तुगीजपासून झालेली बोली बोलतात. तिला ते ‘नो लिंग’ म्हणतात, म्हणजे आपली भाषा. सौ.ने दुकानात पाणी घेता घेता एका आजींशी मराठीत बोलणं काढलं. त्या आमच्याशी मराठी आणि वळून नातवाशी त्या बोलीत बोलत होत्या. अशा ठिकाणी कॅमेरा आधी काढू नका, आधी बोला.

जंजिरा याच दोन दिवसांत कोंबू नका. राजपुरीहून शिडाच्या होडीने जावं लागतं, रांग असते, त्याला स्वतंत्र सकाळ द्या. तिसरा दिवस असेल तरच.

दक्षिणेला जाणाऱ्यांसाठी गोव्यातल्या काणकोणच्या राजबागेत एका हॉटेलचा समुद्राकाठचा नऊ होलचा कोर्स आहे. बाहेरच्यांना खेळता येईल का, ते आधी विचारा, आणि दुपार खोलगडाला, म्हणजे काब द राम किल्ल्याला द्या.

फेब्रुवारीच्या शेवटी गेलात तर परतताना अलिबागच्या रस्त्यावर पांढऱ्या कांद्याच्या माळा टांगलेल्या दिसतील. दोन घ्या. गोल्फबॅग आडवी ठेवली की वर त्या बरोबर मावतात.