बायोस अपडेटनंतर पीसी संथ आणि अस्थिर: काय केल्यावर सुटलं

लक्षणं अशी: नवीन बायोस (पीसी सुरू करणारं, मदरबोर्डवरचं सॉफ्टवेअर) टाकल्यावर पीसी संथ, आणि एक्सएमपी (रॅमला तिच्या पूर्ण जाहीर वेगावर नेणारं बायोसमधलं सेटिंग) पुन्हा चालू केलं की खेळताना अचानक रीस्टार्ट. रॅम डीडीआर4-3200, 8 जीबीच्या दोन काड्या.

संथपणाचं कारण साधं असतं. अपडेट सेटिंग पुसतं, एक्सएमपी बंद होतं आणि रॅम 3200 वरून बहुधा 2133 वर येते. टास्क मॅनेजरच्या मेमरी पानावर वेग दिसतो.

रीस्टार्टचं मूळ बहुधा मागे उरलेल्या किंवा पुन्हा लोड केलेल्या जुन्या सेटिंगमध्ये. आधीच्या बायोसचं सेव्ह केलेलं प्रोफाइल नव्यावर लोड करू नका, आकडे हातानेच भरा. पीसी बंद करून प्लग काढा, मदरबोर्डवरचा सीआर2032 हा बटणासारखा सेल पाचेक मिनिटं बाहेर ठेवा, म्हणजे बायोसची सेटिंग पुसली जातील. मग 'ऑप्टिमाइझ्ड डिफॉल्ट्स' लोड करून सेव्ह करा आणि विंडोज एकदा उघडू द्या. त्यानंतरच एक्सएमपी लावा, रॅमचं व्होल्टेज 1.35 आहे ना ते बघा. मेमटेस्ट86 या रॅम तपासणाऱ्या प्रोग्रॅमचे चार पास (फेऱ्या) पूर्ण होऊ द्या. एकही एरर आली तर रॅमचा वेग 3000 किंवा 2933 वर आणा. व्होल्टेज वाढवत बसण्यापेक्षा हे कधीही बरं, फरक जाणवतही नाही.

फॅन कर्व्ह (किती तापमानाला फॅन किती वेगाने फिरेल ते सेटिंग) सुद्धा पुसला जातो, आणि नागपुरात मे महिन्यात बाहेर 45 अंश असताना हे विसरून चालणारच नाही. प्रोसेसर 70 अंशांवर गेला की फॅन पूर्ण वेगाने फिरेल असं ठेवा.

अपडेटआधी बिटलॉकर (विंडोजचं डिस्क कुलूपबंद करणारं फीचर) सस्पेंड करा, रिकव्हरी की लिहून ठेवा. यूपीएसशिवाय फ्लॅश (बायोस अपडेट) करूच नका. मध्येच लाइट गेली तर बोर्ड चालूच न होण्याची भीती असते.