ई-कानबानवर जाताय? कार्डं कमी करायची घाई करू नका

कानबान म्हणजे मालाच्या प्रत्येक बिनला (डब्याला) एक कार्ड: बिन वापरला की कार्ड परत जातं आणि तेवढाच माल मागवला जातो. ई-कानबानमध्ये कार्ड पाठवायच्या ऐवजी स्कॅन करायचं. कागदी कानबान चालवलेल्या माणसाला ई-कानबान सोपंच वाटतं. तसं ते आहेही. सॅप या सॉफ्टवेअरमध्ये कंट्रोल सायकल (कोणत्या पार्टची किती कार्डं, माल कुठून कुठे) पीकेएमसी या स्क्रीनवर बांधायची, स्कॅन पीकेबीसीत, कोणतं बिन भरलेलं हे दाखवणारा बोर्ड पीके१३एनमध्ये बघायचा. आठवड्याभरात हात बसतो. लाइन मात्र वेगळ्याच कारणाने थांबते, आणि ती थांबते तेव्हा बोर्ड हिरवागार, म्हणजे सगळी बिन 'फुल' दाखवत असतो.

समजा ताशी खप ६० ब्रॅकेट, एका बिनमध्ये ४० नग, सेफ्टी (जादा साठा) १५ टक्के. कागदी पद्धतीत कार्ड गोळा व्हायला २ तास आणि माल यायला ६, म्हणजे ८ तास. ६० × ८ × १.१५ ÷ ४० = १३.८, म्हणून १४ कार्डं. ई-कानबान आलं की मीटिंगमध्ये कोणीतरी म्हणतंच, "सिग्नल आता क्षणात जातो, ते २ तास काढून टाका." मग उत्तर येतं १०.३५, कार्डं ११. इन्व्हेंटरी कमी, स्लाइड झकास.

सिग्नल क्षणात जातो, पण स्कॅन केल्यावर! स्कॅनर एकच, तोही सुपरवायझरच्या टेबलावर चार्जिंगला. ऑपरेटर कार्डं खिशात ठेवतो आणि शिफ्ट सुटताना सगळी एकदम मारतो. ११ बिन म्हणजे ४४० नग, म्हणजे ७ तास २० मिनिटांचा माल. ८ तासांच्या शिफ्टमध्ये शेवटची ४० मिनिटं रॅक रिकामा, आणि सिस्टिमला मात्र अकराच्या अकरा बिन 'फुल' दिसतायत. शिफ्टअखेरच स्कॅन होणार असेल तर लीड टाइम, म्हणजे स्कॅनची वाट ८ आणि माल यायला ६ मिळून, १४ तास धरावा लागतो आणि कार्डं होतात २५. कागदाच्या वेळी होती त्याच्या दुपटीकडे! शिवाय सप्लायरला दिवसभर शुकशुकाट आणि मग एकदम ११ बिनची मागणी. तो वैतागणारच.

म्हणून पहिला महिना कार्डं १४ च राहू द्या, वरून कितीही दबाव आला तरी. प्रत्येक स्कॅनची वेळ सिस्टिममध्ये असते, ती काढून बघा. या खपाला साधारण ४० मिनिटांनी एक स्कॅन दिसायला हवा. शिफ्टच्या शेवटी ढीग दिसला तर एकही कार्ड काढू नका. आधी स्कॅनर रॅकपाशी न्या. स्कॅन पसरले की एकेक कार्ड कमी करा. आणि स्कॅन पहिला नग उचलताना करायचा की बिन रिकामा झाल्यावर, हे रॅकवर लिहून लावा. त्यातच एका बिनचा फरक पडतो.

घाबरू नका, बाकीचं बरंच सरळ आहे. स्विचओव्हरला सगळी कार्डं 'फुल' म्हणून लोड करणं हा शॉर्टकट महाग पडतो: जी बिन आधीच मागवलेली आहेत त्यांची कार्डं तशीच नोंदवा, नाहीतर ती परत मागवली जातात किंवा कधीच मागवली जात नाहीत. कागद आणि स्क्रीन महिनाभर बरोबर चालवायचा सल्ला देणारे भेटतील. ऐकू नका, डबल ऑर्डर पडते. एक लूप (एका पार्टची कार्डं फिरतात तो मार्ग) घ्या आणि त्याचं कागदी कार्ड त्याच दिवशी उचला. कोणता लूप आधी, हे सल्लागारापेक्षा ट्रॉली ढकलणाऱ्या माणसाला जास्त कळतं.

लेबल डायरेक्ट थर्मल (उष्णतेने काळा होणारा कागद) नको, काळं पडतं नाहीतर उडतं. रेझिन रिबनचं (रिबनची शाई लेबलवर उतरते ते) घ्या. क्यूआर कोड १९९४ मध्ये डेन्सोने गाड्यांच्या पार्टसाठीच काढला, पण कूलंटपुढे (मशीन थंड ठेवणाऱ्या द्रवापुढे) त्यालाही मदत लागते. एरर करेक्शन 'एच' ठेवा, म्हणजे सुमारे ३० टक्के कोड खराब झाला तरी वाचला जातो.

कार्ड हरवलं तर त्याच नंबरचं दुसरं छापू नका. जुनं हमखास सापडतं, मग एका नंबरची दोन फिरतात. जुना नंबर बंद, नवा चालू. हरवलेलं कार्ड बोर्डवर कायम 'फुल' दिसतं, त्यामुळे चालू पार्टचं जे कार्ड दोन दिवस हललं नाही ते रॅकवर जाऊन शोधा.

कॅलेंडरही तपासा. तुमची सुट्टी रविवारी आणि भोसरीतल्या सप्लायरची गुरुवारी असेल, तर ६ तासांचा लीड टाइम बुधवारी संध्याकाळी खोटा ठरतो.

नेटवर्क गेलं तर कार्डं तासातासाच्या खणात टाका आणि नेटवर्क आल्यावर त्याच क्रमाने स्कॅन मारा. खण आजच बनवून ठेवा, पत्र्याचे चालतील.