इंग्लंडमध्ये घर घेताय? आधी पुण्याचा फ्लॅट आठवा

इंग्लंडमध्ये पहिलं घर घेणारी आपली मंडळी घासाघीस कुठे करतात, तर सॉलिसिटरच्या, म्हणजे खरेदीचं कायदेशीर काम बघणाऱ्या वकिलाच्या, फीवर. चार ठिकाणची कोटेशनं मागवायची, सगळ्यात स्वस्त असेल त्यालाही अजून शंभर पौंड कमी करायला लावायचे, आणि स्टॅम्प ड्यूटीच्या रकान्यात मात्र एजंटाने सांगितलेला आकडा डोळे मिटून लिहायचा. नव्याने आलेल्यांपैकी कोणी ना कोणी दरवर्षी हेच करतं. म्हणून मोठ्या रकमेचं आधी बोलू, सॉलिसिटरकडे नंतर वळू. आणि हे सगळं फक्त इंग्लंडपुरतं. स्कॉटलंड आणि वेल्समध्ये कराचं नाव वेगळं, दर वेगळे. स्कॉटलंडमध्ये तर सौद्याची पद्धतच निराळी आहे.

स्टॅम्प ड्यूटीचे 1 एप्रिल 2025 पासूनचे दर असे. पहिल्या 1,25,000 पौंडांवर काही नाही, त्यापुढे 2,50,000 पर्यंतच्या भागावर 2 टक्के, त्यापुढे 9,25,000 पर्यंत 5 टक्के. पहिल्यांदा घर घेणाऱ्याला 3 लाखांपर्यंत शून्य आणि 3 ते 5 लाखांमधल्या भागावर 5 टक्के. किंमत 5 लाखांच्या वर एक पौंड जरी गेली, तरी ही सवलत पूर्ण जाते. कर प्रत्यक्ष दिलेल्या किमतीवर लागतो. रेडी रेकनर नाही, बाईच्या नावावर घेतलं म्हणून एक टक्का सूट नाही, आणि 'थोडे रोख' हा प्रकार तर सुचवूसुद्धा नका.

आता 'पहिल्यांदा' म्हणजे काय? आपण समजतो, इंग्लंडमधलं पहिलं घर. कायदा समजतो, जगात कुठेही पहिलं घर. लग्नाआधी वडिलांनी कर्जासाठी तुमचं नाव घालून घेतलेला कोथरूडचा वन बीएचके, आजोळच्या वाड्यातला वारसाहक्काने आलेला हिस्सा, भावासोबत घेऊन केव्हाच विकून टाकलेला ठाण्याचा फ्लॅट, यातलं काहीही कधीही तुमच्या मालकीचं झालं असेल तर तुम्ही पहिल्यांदा घर घेणारे नाही. विकून दहा वर्षं झाली तरी नाही. दोघं मिळून घेत असाल तर दोघांनीही या कसोटीला उतरायला हवं. सातबाऱ्यावर नुसती शेतजमीन असेल तर चिंता नाही, ती घर नव्हे. पण गावठाणातलं घर हे घरच.

हे झालं सवलत जाण्याचं. त्याहून जबर मार पुढे आहे. इथलं घर घ्यायच्या दिवशी तुमच्याकडे दुसरं घर असेल आणि त्यातल्या तुमच्या हिश्शाची किंमत 40,000 पौंड किंवा जास्त असेल, तर संपूर्ण किमतीवर आणखी 5 टक्के अधिभार बसतो. 31 ऑक्टोबर 2024 च्या आधी तो 3 टक्के होता, त्यामुळे आधी घर घेतलेल्या मित्राचा हिशेब तुम्हाला लागू नाही. इथेही 'दुसरं घर' म्हणजे जगात कुठेही. 40,000 पौंड म्हणजे पंचेचाळीस-पन्नास लाख रुपये. पुण्यातला बरा फ्लॅट त्याच्या पुढेच असतो.

4 लाख पौंडांचं घर धरा. खरोखर पहिलं असेल तर कर 5,000. सवलत नसेल पण दुसरं घरही नसेल, तर 10,000. पुण्याचा फ्लॅट नावावर असेल तर 30,000. सॉलिसिटरशी वाचवलेले शंभर पौंड या आकड्यांशेजारी ठेवून पाहा.

इथे प्रत्येक जण एक युक्ती काढतो: 'बायकोच्या नावावर घेऊ, तिच्या नावावर काही नाही.' चालत नाही. एकत्र राहणाऱ्या नवरा-बायकोंना या अधिभारासाठी एकच धरतात. तुमचा फ्लॅट तिच्या खरेदीला चिकटतो, आणि अधिभार लागला की पहिल्या घराची सवलतही उरत नाही. फ्लॅट बायकोला किंवा अल्पवयीन मुलांना देऊनही तेच. आईला रीतसर बक्षीसपत्र करून नोंदवलंत, फ्लॅटवर तुमचा काही हक्क उरला नाही, तर अधिभार सुटतो, पण पहिल्या घराची सवलत परत येत नाही. ती एकदा गेली की गेली. वारसाहक्काला थोडी सूट आहे. वाटणीत निम्मा किंवा त्याहून कमी हिस्सा गेल्या तीन वर्षांत आला असेल, तर अधिभारासाठी तो मोजत नाहीत.

आणखी एक वाट आहे, ती फारशी कोणी सांगत नाही. ज्या फ्लॅटमध्ये तुम्ही स्वतः राहत होता तो सोडून तीन वर्षांच्या आत इथे घर घेतलंत, आणि घेतल्यापासून तीन वर्षांच्या आत तो फ्लॅट विकलात, तर भरलेला अधिभार परत मिळू शकतो. आधी भरावा लागतो, विकल्यावर वर्षाच्या आत मागायचा. भाड्याने दिलेल्या, कधी राहिलाच नाहीत अशा फ्लॅटला हे लागू नाही.

माझ्या ओळखीच्या एका जोडप्याने अर्जात 'पहिल्यांदा घर घेणारे' यापुढे खूण केली, कारण एजंट म्हणाला की इथलं पहिलंच ना, मग झालं. सॉलिसिटरने फॉर्ममध्ये प्रश्न विचारला होता, जगातल्या कुठल्याही घराबद्दल. त्यांनी वाचला नाही. मागाहून कर खात्याचं चौकशीचं पत्र आलं. फरकाची रक्कम, वर व्याज, वर दंड. एजंट तोवर नोकरी बदलून गेला होता. कराचं विवरण सॉलिसिटर भरतो, कम्प्लिशननंतर (उरलेले पैसे पोचून घर ताब्यात आल्यावर) 14 दिवसांच्या आत, पण त्यातल्या माहितीची जबाबदारी तुमची असते. म्हणून नावावर काय काय आहे याची यादी करा, घरी फोन करून विचारा ('बाबा, कुठे माझं नाव घातलंय का?' हा प्रश्न आधी विचारलेला बरा), आणि ती यादी ईमेलने लेखी पाठवा. एकत्र कुटुंबाची मिळकत असेल तर स्पष्ट मत मागा. व्हॉट्सॲप ग्रुपवर विचारू नका. तिथे सगळ्यांना सगळं माहीत असतं आणि कोणाला काही भरावं लागत नाही.

अगदी नवे असाल तर आणखी एक. खरेदीआधीच्या बारा महिन्यांत ब्रिटनमध्ये 183 दिवस राहणं झालं नसेल तर अनिवासी म्हणून 2 टक्के वेगळे. पुढे इथेच राहून दिवस भरले तर हे पैसे दोन वर्षांच्या आत परत मागता येतात. जोडीदार मागाहून आला असेल तर नवरा-बायकोंसाठी सोयीचा नियम आहे, सॉलिसिटरला विचारा.

आता सॉलिसिटर. परवानाधारक कन्व्हेयन्सर, म्हणजे फक्त मालमत्तेच्या हस्तांतराचं काम करणारा, तोही चालतो. सॉलिसिटर फर्मना घर-खरेदीचे दर वेबसाइटवर द्यावेच लागतात, तेव्हा संकोच न करता तुलना करा. पण तुलना पूर्ण रकमेची करा. मोठ्या अक्षरांतल्या फीवर 20 टक्के व्हॅट असतो. मग बँकेतून पैसे पाठवण्याची फी, ओळख तपासणीची फी, कर्ज आहे म्हणून जादा, भेट म्हणून मिळालेली रक्कम आहे म्हणून जादा, लीजहोल्ड (जमीन मालकाची, घर ठरावीक मुदतीच्या लीजवर) आहे म्हणून जादा. शिवाय सर्च, म्हणजे घराबद्दलच्या नोंदींची तपासणी: कौन्सिलचा, पाणी-सांडपाण्याचा, पर्यावरणाचा, जुन्या खाणींच्या भागात कोळशाचा. यांचे काहीशे पौंड होतात आणि सौदा फिसकटला तरी परत येत नाहीत. 'काम झालं नाही तर फी नाही' हे फक्त त्यांच्या स्वतःच्या फीपुरतं असतं. आणि इथे एक्सचेंज होईपर्यंत, म्हणजे दोन्ही बाजूंच्या सह्यांचे करार एकमेकांना दिले जाईपर्यंत, कोणीही कधीही माघार घेऊ शकतं. तोंडी शब्दाला, हस्तांदोलनाला, गोड ईमेलला काही किंमत नाही. इंग्रज माणूस माघार घेतानाही तुमचे आभार मानतो.

एजंट स्वतःचा सॉलिसिटर सुचवतो तेव्हा बहुतेकदा त्याला त्याबद्दल पैसे मिळतात. विचारलंत तर सांगणं त्याच्यावर बंधनकारक आहे, म्हणून विचारा. 'आपला माणूस आहे' म्हणून भाषेवरून वकील निवडणाऱ्यांनाही मला हेच सांगायचंय. तो मराठी बोलतो हे छान, पण फोन उचलतो का?

लीजहोल्ड फ्लॅट असेल तर खर्चाची दुसरी यादी निघते. जमीनमालकाला हस्तांतराची नोटीस दिल्याची फी, कर्जाची नोटीस दिल्याची वेगळी फी, कधी करारनाम्याची फी. लीजची 80 वर्षांपेक्षा कमी उरली असतील तर फ्लॅट बघायलाही जाऊ नका, असं माझं मत आहे. मुदत वाढवण्याचा खर्च तुमच्या गळ्यात पडतो.

आई-वडिलांकडून पैसे येणार असतील तर सॉलिसिटर पैशांचा माग काढणार. एफडीच्या पावत्या, बँकेची स्टेटमेंटं, परतफेड नको असल्याचं पत्र, सगळं मागेल. राग मानू नका, तो संशय नाही, कायदा आहे. भारतातून पालकांना एका आर्थिक वर्षात माणशी अडीच लाख डॉलरपर्यंत पाठवता येतात. बँक कागदपत्रांत दिवस घालवते, त्यामुळे एक्सचेंजच्या आठवड्यात सुरुवात करू नका. आणि ऐन वेळी 'आमचं बँक खातं बदललंय' असा ईमेल सॉलिसिटरच्या नावाने आला तर तो चोराचा समजा. आधीपासून माहीत असलेल्या नंबरवर फोन करून खात्री केल्याशिवाय एक पौंडही हलवायचा नाही.

शेवटी नोंदणी. सब-रजिस्ट्रारच्या कचेरीत जाणं, अंगठा, फोटो, यातलं काही नाही. सॉलिसिटर लँड रजिस्ट्रीला ऑनलाइन अर्ज करतो. फी किमतीच्या टप्प्यांप्रमाणे, पण साध्या घराला काहीशे पौंडांच्या पुढे जात नाही.  नोंद पूर्ण व्हायला मात्र महिने लागू शकतात. घर तोवर तुमच्याच ताब्यात असतं. आपल्याकडच्या नोंदवलेल्या करारनाम्यासारखा जाडजूड दस्त हातात येत नाही, सगळं रजिस्टरवर असतं. नोंद झाल्याचं कळलं की 7 पौंड भरून रजिस्टरची प्रत काढा आणि नावं पासपोर्टशी अक्षरन् अक्षर ताडून पाहा. आपल्या मधल्या नावाची, म्हणजे वडिलांच्या किंवा नवऱ्याच्या नावाची, इथे हमखास गल्लत होते. चूक लगेच सांगितली तर सॉलिसिटर ती दुरुस्त करून घेतो. लँड रजिस्ट्रीची प्रॉपर्टी अलर्ट ही मोफत सेवा (घराच्या नोंदीत कोणी हालचाल केली की कळवणारी) त्याच दिवशी चालू करा, विशेषतः घर भाड्याने देऊन काही काळ भारतात जाणार असाल तर.