यूपीव्हीसीच्या खिडक्या बसवताना या चुका टाळा

कोकणातल्या घरांत लोखंडी खिडकी खाऱ्या हवेने गंजते, लाकडी खिडकी पावसाळ्यात फुगते, शिवाय वाळवीची धास्ती असतेच. यूपीव्हीसी, म्हणजे मऊपणा आणणारी द्रव्ये न मिसळलेले कडक पीव्हीसी, या सगळ्यांतून सुटका करते. तरीही पहिल्याच पावसात खोलीत पाणी आले की दोष प्लॅस्टिकला दिला जातो आणि हे मला अन्यायाचे वाटते, कारण चूक बहुधा बसवण्यात असते.

सरकत्या खिडकीच्या ट्रॅकमध्ये पाणी साचणारच, हे गृहीत धरून ते बाहेर सोडण्यासाठी चौकटीला खालच्या बाजूने भोके ठेवलेली असतात. गवंडी बाहेरचा गिलावा करताना किंवा ग्रॅनाइटची पट्टी बसवताना ती बुजवतो, मग वाट न मिळालेले पाणी ट्रॅक भरून आत उतरते. ट्रॅकमध्ये तांब्याभर पाणी ओतून पाहा. ते लगेच बाहेर पडले नाही, तर भोके बारीक तारेने मोकळी करा. बाहेरची पट्टी भोकांच्या खाली आणि बाहेरच्या बाजूला उतरती हवी.

दुपारी पल्ला अडकतो आणि रात्री सहज सरकतो, अशी तक्रार असेल तर चौकट भिंतीत घट्ट आवळलेली आहे का, ते तपासावे. कडक पीव्हीसी उष्णतेने बरेच प्रसरण पावते: 2 मीटर लांबीची चौकट तापमानात 30 अंशांचा फरक पडल्यास सुमारे 4 मिलिमीटर वाढते आणि गडद रंगाची चौकट उन्हात अधिकच तापते. म्हणून भिंत आणि चौकट यांतली फट सिमेंटने न भरता तिथे फोम भरावा आणि बाहेरून सिलिकॉन लावावे.

मोठी खिडकी वाऱ्याने वाकत असेल तर चौकटीच्या पोकळीत जस्तलेपित पोलादी पट्टी घातलेलीच नसण्याची शक्यता असते. खर्च वाचवण्यासाठी ती गाळली जाते. चौकटीवर जोरकस लोहचुंबक धरला की ती आहे की नाही ते कळते. ही तपासणी पैसे चुकते करण्यापूर्वीच करावी.

वरची संरक्षक फिल्म गिलावा संपताच काढावी, कारण उन्हात तिचा गोंद चिकटून बसतो. तो किंवा रंगाचे डाग काढायला थिनर वापरू नये. त्याने पृष्ठभाग खराब होतो. प्लॅस्टिक गंजत नसले तरी बिजागऱ्या आणि स्क्रू गंजतात, म्हणून समुद्राजवळ ते 316 दर्जाच्या स्टेनलेस स्टीलचेच घ्यावेत.