मोगऱ्याचं पाणी तोडा, याच आठवड्यात

दिवाळी झाली, विहिरी अजून भरलेल्या आहेत, आणि मोगऱ्याचा घात नेमका इथंच होतो. पाणी आहे म्हणून ठिबक चालू, ठिबक चालू म्हणून झाड हिरवंगार, आणि फुलं येतात ती लग्नसराई सरता सरता. लातूर, बीड, धाराशिवकडच्या कितीतरी बागा अशा पाहिल्यात: मार्चमध्ये पालवी दाट, कळी मात्र शोधून सापडत नाही. २०१६ च्या एप्रिलात ज्या लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं, त्याच मुलखात हे एक पीक जास्तीच्या पाण्यानं हातचं जातं.

गुढीपाडव्याच्या सुमारास बाग फुलायला हवी असेल तर नोव्हेंबरात तिला तहानलेली ठेवा. पाणी तोडलं की झाडाची वाढ थांबते, काडीत अन्न साठतं, आणि छाटणीनंतर येणारा फुटवा कळी घेऊनच येतो. या तहानेलाच ताण म्हणतात. मुरमाड रानात १०-१२ दिवसांत ताण बसतो, भारी काळ्या रानात २०-२५ दिवस लागतात. हा माझा बांधावरचा अंदाज आहे, त्यामुळे कॅलेंडरपेक्षा झाडाकडे बघा. खालची पानं पिवळी पडून गळायला लागली आणि वीतभर खोलीवरच्या मातीचा मुठीत लाडू वळेना, की ताण बसला. शेंड्याच्या काड्या वाळू लागल्या तर अति झालं, तिथंच थांबा. पहिल्या वर्षाच्या रोपांना ताण देऊ नका.

आणखी एक चोरवाट आहे. ठिबकचा व्हॉल्व्ह बंद केलेला असतो, पण शेजारच्या हरभऱ्याला पाटानं पाणी सोडलेलं असतं आणि ते झिरपून मोगऱ्याच्या मुळाशी जातं. शेतकरी म्हणतो ताण दिला, झाड म्हणतं कुठं दिला! मधे हातभर खोल चर काढा.

सध्या पिओनीच्या मुळकंदांची चौकशीही फार होते. लग्नाच्या मांडवात डेकोरेटर ती गुलाबी, ओंजळभर फुलं लावतात, मोबाइलवर रंगीत पाकिटं दिसतात, आणि हौस कोणाला नसते? फूल देखणं आहे यात शंका नाही. थंड देशात एकदा लावलेलं झाड अनेक दशकं जगतं आणि दर वसंतात फुलतं. आपल्याकडे काश्मीर ते नेपाळ या हिमालयाच्या पट्ट्यात त्याची एक रानटी जातही आहे. पण साधारण सात अंशांखालची काही शे तासांची थंडी मिळाल्याशिवाय त्याला कळी धरत नाही. परभणीत एखाद्या पहाटे पारा पाच अंशांच्या आसपास येतो खरा, पण दुपारी सदरा काढावा असं ऊन असतं. त्या पाकिटात पैसे घालू नका. पिओनीला जी विश्रांती थंडी देते, ती आपल्या मोगऱ्याला तहान देते, आणि तिला पैसा लागत नाही.

म्हणूनच कृषी केंद्रात ती खपवत नाहीत. तिथं मिळते 'फुलं काढणारी' बाटली. ताण न दिलेल्या बागेवर ती मारली की पानं आणखी काळीभोर होतात, बस्स. पानं पिवळी आणि शिरा हिरव्या दिसल्या तर ती आपल्या चुनखडीच्या जमिनीतली लोहाची कमतरता असते. हिराकस, म्हणजे फेरस सल्फेट, लिटरला ५ ग्रॅम फवारा. त्यासाठी महागडं मायक्रोन्यूट्रियंटचं पाकीट नको.

ताण बसल्यावरची नेहमीची कामं:
- छाटणी जमिनीपासून दीड-पावणेदोन फुटांवर, नोव्हेंबरअखेर
- रोगट, वाळक्या काड्या काढणे, उरलेली पानं ओरबाडणे
- जाड कापांवर बोर्डो पेस्ट (मोरचूद-चुन्याचा लेप)
- बुंध्याभोवतीची आळी चाळणे, झाडाला १० किलो कुजलेलं शेणखत
- पहिलं पाणी भरपूर, पुढं वाफसा (माती ओलसर, पण चिखल नाही) बघून

खताची मात्रा तामिळनाडू कृषी विद्यापीठाची आहे: झाडाला वर्षाला ६० ग्रॅम नत्र, १२० स्फुरद, १२० पालाश. त्यातलं निम्मं आता आणि निम्मं जून-जुलैत. म्हणजे आता युरिया ६५ ग्रॅम, सिंगल सुपर फॉस्फेट ३७५ आणि पोटॅश १०० ग्रॅम. माती तपासलेली असेल तर त्याप्रमाणे कमी-जास्त करा.

फेब्रुवारीपासून कळी पोखरणाऱ्या अळीवर लक्ष ठेवा. भोक पडलेल्या, जाळीनं चिकटलेल्या कळ्या वेचून जाळा, ५ टक्के निंबोळी अर्क फवारा. लाल कोळीला पाण्यात मिसळणारं गंधक लिटरला २ ग्रॅम पुरतं, पण पारा पस्तिशीच्या वर असेल तर नको, पानं करपतात.

आता खरी भीती ढगांची आहे. ताणाच्या मधेच अवकाळी बरसला तर दोन-तीन आठवड्यांचं काम एका रात्रीत धुऊन जातं, आणि पुष्कळ जण तरीही ठरल्या तारखेला कात्री लावतात. तसं करू नका. आधी साचलेलं पाणी बाहेर काढा, वाफसा आला की वरची माती हलवून उन्हाला लावा आणि ताणाचे दिवस पुन्हा पहिल्यापासून मोजा. बहर पंधरवडाभर मागं सरकला तर सरकू द्या, पण अर्धवट ताणावर छाटणी नको.